होणाऱ्या व्याह्याशी हरण्याची तयारी

बारामती,
सोमवार, सकाळी सात

आदरणीय माऊलीदाजी यांस,

चिंतामणचा नमस्कार पोचावा. वाकून करता येत नाही, कालपासून मान डावीकडं वळत नाही, तेव्हा कागदावरच वाकलो असं समजावं. तुमची शुगर आता जेवणाआधी मोजता की जेवणानंतर, तेही कळवावं (गेल्या खेपेला तुम्ही जेवताना मधेच उठून मोजली होतीत आणि आकडा मात्र उपवासाचा सांगितला होतात). अक्काचा खांदा कसा आहे? लोणी भापकरात थंडी पडली म्हणतात. तिला शेकायची पिशवी दिली होती, ती तिनं स्वतः वापरावी, मांजराखाली ठेवू नये. इकडं सर्व क्षेम आहे. म्हणजे अनसूया ठीक आहे, वल्लरी ठीक आहे, आणि मी काल दुपारी ताशी नव्वद किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळूनही आज सकाळी चहा पिऊन हे पत्र लिहायला बसलो आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुम्ही 'मी म्हणलं नव्हतं का' म्हणता, आणि मग तो फोन तुमचा होतो, बिल तेवढं माझं. कागदाला मध्ये बोलता येत नाही. शिवाय हे पत्र तुम्ही अक्काला मोठ्यानं वाचून दाखवणार, आणि तिला या प्रकरणातलं निम्मं ठाऊकच नाही, उरलेलं निम्मं तुम्ही तुमच्या सोयीनं सांगितलेलं आहे. तेव्हा पहिल्यापासूनच लिहितो. कुठली ओळ गाळू नये. (अक्का, यांनी घसा खाकरला की ओळ गाळली असं समज आणि कागद हातात घे.)

तर अक्का, आपली वल्लरी जनावरांची डॉक्टर झाली तेव्हा तू पेढे वाटले होतेस. दीड वर्षापूर्वी तिला निरवांगीहून बोलावणं आलं. रामहरीराव म्हणून एक बागायतदार, त्यांची गाय बसली होती. वल्लरीनं दोन दिवसांत गाय उठवली. पण डॉक्टरीणबाई त्यानंतर चार महिने दर शनिवारी त्या उभ्या गाईची तपासणी करत राहिल्या. माणसांच्या दवाखान्यात इतकी काळजी कुणी कुणाची घेत नाही. पाचव्या महिन्यात आम्हाला कळलं की गाईच्या दाव्याच्या दुसऱ्या टोकाला रामहरीरावांचा मुलगा ऋषिराज उभा असतो. मुलगा शेतीचा पदवीधर, ठिबकची कामं करतो, बोलायला कमी आणि ऐकायला चांगला (अनसूयेच्या मते जावयात एवढं एकच बघायचं असतं, आणि ते तिच्या बापानं बघितलं नव्हतं). दोघांचं ठरलं. आता आपल्याकडं मुलांनी ठरवलेलं लग्न मोठ्यांनीच जुळवलं असं दिसावं लागतं, म्हणून दाजींना मध्यस्थ नेमलं. दाजींनी आजवर बेचाळीस लग्नं जुळवली आहेत. त्यातली एकोणचाळीस चालू आहेत. उरलेल्या तिन्हींबद्दल ते 'पोरगी शिकलेली निघाली' एवढंच बोलतात.

सगळं सुरळीत होतं. अडलं ते रामहरीरावांपाशी. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या गुडघ्याची वाटी बदलली. डॉक्टरांनी सांगितलं की पाय हलता ठेवा, घोटा खालीवर करत जा. सोळा एकर ऊस पायाखाली घालणारा माणूस, तो काय पलंगावर पडून घोटा हलवणार? तेव्हा ऋषिराजनं टीव्हीला जोडायचा तो खेळाचा डबा आणला (त्याला कन्सोल म्हणतात), त्याबरोबर मोटारीचं स्टिअरिंग आणि खाली पायात ठेवायची पेडलं. म्हणजे टीव्हीत शर्यत, पायाला व्यायाम. दोन दिवसांत पाय राहिला बाजूला आणि शर्यत लागली डोक्यात. साधासुधा खेळ नाही तो अक्का. टायर झिजतं, पेट्रोल संपतं, भिंतीला घासलं तर गाडी एका बाजूला ओढते, आणि ते स्टिअरिंग खऱ्या गाडीसारखं हातात हिसके देतं. रस्त्याच्या पांढऱ्या रेघेबाहेर चाकं गेली की लगेच सेकंदांचा दंड. आणि या खेळात रामहरीराव आठ महिन्यांत घरात एकदाही हरलेले नाहीत.

दाजी गेल्या महिन्यात बोलणी करायला गेले तेव्हा रामहरीरावांनी जे सांगितलं, ते मी दाजींच्याच तोंडून ऐकलं: "पोरगी बघितली. गाय उठीवली तिनं, पोरगी पास. आता पोरीचा बाप बघायचा ऱ्हायलाय. बैठकीत काय हो, समदीच मानसं ग्वाड बोलत्यात. माझ्याशी एकदा गाडी पळवू द्या त्यास्नी. मानूस काय हाय ते वळणावर कळतंय. मग देतो शबूद."

म्हणजे माझ्या मुलीचं लग्न आणि माझं कारचं लायसन एकाच दिवशी तपासलं जाणार होतं. वल्लरीनं ऐकलं आणि दोन्ही हात पाठीमागं लपवले. ती लहानपणी इंजेक्शनला जाताना असंच करायची. त्या रात्री ती जेवली नाही, आणि सकाळी म्हणाली, "बाबा, माझा कन्सोल आहे. तुम्हाला शिकवते." दाजी, तिनं 'शिकवते' म्हटलं तेव्हा तिचा आवाज जरा फाटला होता. एवढ्यावरच मी हो म्हणालो. नाहीतर एकतीस वर्षं मोजणी खात्यात शेतकऱ्यांचे बांध मोजून ज्यानं दोन्ही बाजूंच्या शिव्या सारख्या खाल्ल्या, त्याला खेळण्यातल्या गाडीत बसायची हौस नसते.

आणि इथं तुमचा तो ऐतिहासिक सल्ला आला. तुम्ही फोनवर म्हणालात (अक्का, घसा ऐक), "चिंतामण, व्याह्याला हरवायचं नसतं. मुलीकडची बाजू खालीच असती. पण हरतोयस हे त्याला दिसूबी द्यायचं न्हाई. मी बेचाळीस जुळवलीत, मला शिकवू नकोस." मी शिकवत नव्हतो. मी फक्त विचारलं होतं की ज्याला गाडी सरळ चालवता येत नाही त्यानं हरण्यासाठी वेगळं काय करायचं. तुम्ही म्हणालात, "ते तुझं तू बघ," आणि फोन ठेवलात.

मग पंधरा दिवस रोज पहाटे (म्हणजे सहाला. माझ्या घरात ती पहाट आहे) तालीम. टीपॉयला स्टिअरिंग आवळलेलं, पेडलं घसरू नयेत म्हणून त्यांच्यामागं जात्याची तळी लावलेली, मी जेवणाच्या खुर्चीत, आणि शेजारी मास्तरीण म्हणून वल्लरी, हातात फूटपट्टी तेवढी नाही. पहिल्या दिवशी मी हॉर्न शोधत राहिलो. हॉर्न नाहीच! हॉर्नशिवाय गाडी चालवायची म्हणजे आपण आलोय हे लोकांना कळणार कसं? मागून एक गाडी फार जवळ आली तेव्हा मी सवयीनं उजवा हात बाहेर काढून 'जा पुढं' अशी खूण केली. तो हात अनसूयेच्या चहाच्या कपाला लागला. वळणावर मी समोरून उसाच्या जोडट्रॉल्या येत असतील असं धरून पार कडेला जायचो आणि थांबायचो. शर्यतीत समोरून कुणी येत नसतं हे मला पटायला तीन दिवस लागले, कारण इंदापूर रस्त्यावर एकेरी वाहतुकीलाही समोरून येतात. वल्लरी सांगायची, "बाबा, ब्रेक. बाबा, ब्रेक म्हणजे ब्रेक, विचार नाही." मी विचारायचो, किती मीटर आधी? ती म्हणायची, "अंदाजानं." मोजणी खात्यातल्या माणसाला अंदाजानं!

पण मग एक दिवस मला ती पांढरी रेघ दिसली. म्हणजे आधीही दिसत होती, पण आता हद्दीसारखी दिसली. दाजी, मी आयुष्यभर हद्दी बघितल्या आहेत. रेघेच्या आत चार बोटं राहून, कुणाची वीतभर न घेता आणि स्वतःची वीतभर न सोडता मी ती गाडी फिरवायला लागलो. सावकाश, पण चूक नाही. दहाव्या दिवशी दंड शून्य. बाराव्या दिवशी वल्लरी म्हणाली, "बाबा, तुम्ही हळू आहात, पण तुम्ही आदळत नाही. खरोखरीच्या शर्यतीत हे फार वाईट असतं समोरच्याला." मला तेव्हाच घाम फुटायला हवा होता. कारण जो चुकत नाही, त्याला हरायचं कसं, हे तुम्ही सांगितलंच नव्हतं.

काल रविवारी आम्ही निघालो. मी आणि अनसूया. रीत म्हणून मुलगी आली नाही, ती बारामतीत फोन हातात धरून बसली होती. मागच्या सीटवर तिचा कन्सोल आणि स्टिअरिंग चादरीत गुंडाळून ठेवलेलं, कारण शर्यतीला दोन डबे आणि दोन टीव्ही लागतात. वाटेभर साखर कारखान्याला चाललेल्या ट्रॉल्या, आणि अनसूया एकच वाक्य दर पाच मिनिटांनी, "हरा म्हणजे झालं." निरवांगीत पोचलो तर हॉलमध्ये भावकी जमलेली. सोफ्यावर पाच, सतरंजीवर बारा, दारात चपलांचा ढीग. मधोमध दोन टीव्ही शेजारी शेजारी. कॉटवर रामहरीरावांच्या आई गोजरबाई, वय पंच्याऐंशी, कान शाबूत. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास. ही त्यांच्याकडची पद्धत: शब्द मिळाला तर पानं वाढायची, नाहीतर चहावर निरोप. म्हणजे आम्हाला काय मिळणार ते मी त्या वासावर सोडून खुर्चीत बसलो.

रामहरीराव मोठ्या चणीचा माणूस. गुडघ्यावर पट्टा, डोक्यावर टोपी, आणि स्टिअरिंग धरलं की ट्रॅक्टरवर बसल्यासारखा दिसतो. "बसा पाव्हणं. पट्टा बांधायची गरज न्हाय," म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. सवयीनं पट्ट्याकडं गेलेला हात मागं घेतला.

आठ फेऱ्या. आम्ही दोघं आणि यंत्राच्या आठ गाड्या. (यंत्राच्या गाड्या इतक्या मंद होत्या की एक तर मला सायकलीवर चाललेल्या पोस्टमनसारखी वाटली. त्या तशा का होत्या ते मला नंतर कळलं.) रामहरीराव सुटले ते सुसाट. मी बरोबर तीन गाड्यांचं अंतर ठेवून मागं, तुमच्या सल्ल्याप्रमाणं. पहिल्याच वळणावर मला त्यांचा स्वभाव कळला. ते वळण घेत नाहीत, वळण खातात. नांगरताना शेजाऱ्याचा बांध दरवर्षी वीतभर कोरावा, तसं दर वळणाला दोन चाकं रेघेबाहेर, आतल्या बाजूच्या गवतावर. दर वळणाला दंड. भावकीतला प्रत्येक जण म्हणे, "यंत्र बिघडलंय, दादा." पाचव्या फेरीला ते इतके आत गेले की गवतावरून गाडी भिंगरीसारखी फिरली आणि मागल्या तोंडानं उभी राहिली. आणि मी, आदळता न येणारा माणूस, त्यांच्या शेजारून पुढं निघून गेलो.

 अनसूयेनं माझ्याकडं असं पाहिलं की पस्तीस वर्षांच्या संसारात एवढ्या त्वेषानं तिनं कधी पाहिलं नव्हतं. मी ताबडतोब ब्रेक लावला. सरळ रस्त्यावर, समोर काही नसताना. तोंडानं म्हणालो, "गिअर अडकतोय वाटतं." ते जवळ आले. मी आणखी हळू झालो. मग मला दिसलं की तेही हळू होताहेत. आता त्यांचं गणित वेगळं. घरी आलेल्या पाव्हण्याला मागं टाकायचं नसतं! आधी ते पुढं होते तेव्हा ती शर्यत होती. आता पाव्हणा पुढं गेलाय, तर त्याला ओलांडणं म्हणजे पंगतीत पाव्हण्याच्या आधी हात धुणं. उरलेल्या तीन फेऱ्या आम्ही दोघं ताशी चाळीसच्या वेगानं एकमेकांना वाट देत चाललो. आणि शेवटी, दाजी, शेवटच्या रेघेच्या पाच हात अलीकडं दोन्ही गाड्या थांबल्या. "तुमी फुडं व्हा." "नाही नाही, आधी तुम्ही." "तुमी पाव्हणं हाय." "तुम्ही वडीलधारे." हे चाललं असताना यंत्राची एक पिवळी गाडी, तो सायकलवाला पोस्टमन, आमच्या दोघांच्या मधून रेघ ओलांडून गेली आणि टीव्हीत कागदाचे तुकडे उडून बाजा वाजला.

 रामहरीरावांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. मला म्हणाले, "सरळ रस्त्याला बिरेक मारलासा." मी म्हणालो, गिअर. ते म्हणाले, "गिअर न्हाय. मी तुमच्या टीव्हीकडं बघत हुतो." मग ते सावकाश वळले आणि मुलाकडं पाहिलं. "ऋषी, तू बी असंच करतूस का रं?" ऋषिराज सतरंजीचा सुटलेला दोरा ओढायला लागला. "भीमा, तू?" भीमा म्हणजे धाकटा भाऊ. तो म्हणाला, "दादा, आपरेशन झालं, डाक्टर म्हणलं बीपी वाढू देऊ नका..." राजेश्वरीबाई, त्यांच्या पत्नी, चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्या तशाच मागं वळल्या. दाजी, त्या क्षणी त्या माणसाला कळलं की आठ महिने सगळं घर, यंत्राच्या मुद्दाम मंद करून ठेवलेल्या गाड्यांसकट, त्याला जिंकवत होतं. तुम्ही कधी भर सभेत कुणाची चप्पल तुटलेली पाहिली आहे? माणूस चालायचं तर थांबत नाही, पण चाल बदलते. त्यांचा चेहरा तसा झाला. आणि त्या घरात हे सगळं उघडं पाडणारा माणूस मी होतो, जो मुलगी द्यायला आला होता.

"चहा हितंच आणा," ते म्हणाले. दाजी, चहा! पुरणाचा वास येत होता आणि चहा! अनसूयेचा हात पदरावर थांबला. मला वल्लरीचा तो फाटलेला आवाज आठवला. मी उठलो असतो, हात जोडले असते, गाडीत बसलो असतो, आणि बारामतीत जाऊन तिला काय सांगितलं असतं? की बाळ, मी नीट हरलो नाही? माझ्या तोंडून एवढंच निघालं, "पुन्हा खेळू." ते म्हणाले, "कशाला? पुन्यांदा हरशिला." मी म्हणालो, "खरं खेळतो." त्यांनी गुडघ्याचा पट्टा आवळला. मग मुलाला म्हणाले, "त्या यंत्राच्या गाड्या काढ समद्या. आमी दोघंच. पाच फेऱ्या. पाव्हणं, आता खोटं वागलासा तर चहा बी न्हाय."

आता माझी अडचण बघा. मी हरलो तर ते म्हणणार, पुन्हा मुद्दाम हरला. म्हणजे सोयरीक गेली. जिंकलो तर दुखावलेला माणूस भावकीसमोर आणखी दुखावला. म्हणजेही सोयरीक गेली. बेचाळीस लग्नांत असा प्रसंग आला असता तर तुम्ही काय केलं असतं, ते मी विचारत नाही. मी विचार करणं सोडलं. ब्रेक म्हणजे ब्रेक.

पहिली फेरी ते पुढं. दुसऱ्या फेरीला त्यांनी एकदाही बांध कोरला नाही, त्यांनाही आता खरं खेळायचं होतं. तिसऱ्या फेरीला मी त्यांच्या मागच्या दिव्यांना चिकटलो. टायर झिजत आलेले, स्टिअरिंग हातात थरथरतंय, मानेत कळ. भावकी सतरंजीवरून पुढं सरकलेली. फक्त इंजिनांचा आवाज आणि गोजरबाईंचा खोकला. चौथ्या फेरीला मी एका वळणावर बाजूला आलो. त्यांनी दार लावलं, म्हणजे गाडी आडवी घातली. पुन्हा बाजूला आलो. पुन्हा दार लावलं. माझ्या कपाळाचा घाम डोळ्यांत गेला आणि तो पुसायला हात मोकळा नाही, तेव्हा अनसूयेनं (जिनं सकाळपासून 'हरा' एवढंच म्हटलं होतं) पदरानं माझं कपाळ पुसलं आणि कानाशी म्हणाली, "सोडू नका." दाजी, याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

शेवटची फेरी, शेवटचं वळण. ते अरुंद आहे, घोड्याच्या नालासारखं. मी आत घुसलो. माझं पुढचं चाक त्यांच्या पुढच्या चाकाशी. मी पुढं होतो, बोटभर, पण पुढं. आणि तेवढ्यात त्यांची गाडी आत सरकायला लागली. माझ्या डाव्या चाकाखाली पांढरी रेघ. आणखी सरकलो तर मी रेघेबाहेर, एकतीस वर्षांत पहिल्यांदा हद्द ओलांडणार. नाही सरकलो तर धडक. ते सरकतच होते. आणि माझ्या आतून, जिथं इतकी वर्षं दोन्ही बाजूंच्या शिव्या साठवून ठेवल्या होत्या तिथून, एक आवाज आला. तो माझाच होता. मी ओरडलो:

"ए म्हाताऱ्या! बांध सोड माझा!"

आणि आदळलो. माझी गाडी उलटली, दोन कोलांट्या घेतल्या, भिंतीवर चढली आणि पाठीवर पडून चाकं फिरवत राहिली. त्या हिसक्यानं माझी मान गेली. रामहरीरावांचं पुढचं चाक निखळलं होतं. तीन चाकांवर, ठिणग्या उडवत, त्यांनी ती गाडी ओढत ओढत रेघेपलीकडं नेली आणि तेव्हा कुठं ते खुर्चीत मागं टेकले.

 तुम्हाला ठाऊकच आहे, निरवांगीत काय आणि लोणी भापकरात काय, हे वाक्य बोलल्यावर पुढं काय होतं. या वाक्यानं मी तीन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला न गेलेली घरं पाहिली आहेत, त्यांचे नकाशे काढले आहेत. आणि ते मी होणाऱ्या व्याह्याला, त्याच्या घरात, त्याच्या आईसमोर, एकेरीत म्हणालो होतो. अनसूयेनं डोळे मिटले. मी खुर्चीतच हात जोडले, पण मान वळत नव्हती, त्यामुळं ते हात टीव्हीला जोडल्यासारखे झाले.

पहिल्यांदा कॉटवरून आवाज आला. गोजरबाई हसत होत्या. तोंडाला पदर लावून, खोकत, हसत होत्या. "बरं झालं बया. कुणीतरी बोललं त्याला. बाप गेल्यापास्नं कुणी न्हाय बोललं."

रामहरीराव माझ्याकडं वळले. "काय म्हनलासा मला?" मी टीव्हीला जोडलेले हात आणखी घट्ट जोडले. "न्हाय न्हाय, पुन्यांदा म्हना." मी म्हणालो, "बांध सोडा." ते म्हणाले, "त्याच्या आदूगर?" मी म्हणालो, "...म्हाताऱ्या." त्यांनी टोपी काढली, मांडीवर आपटली आणि पोट धरून हसले. मग टीव्हीवर ती पाठीवर पडलेली माझी गाडी बघून पुन्हा हसले. "असं मुद्दाम कुनी आपटत न्हाय. आठ म्हयन्यात पयल्यांदा कुनीतरी माझ्याशी खरं भांडलं. आगं राजेश्वरी! चहा ऱ्हाऊ दे. पानं वाढ."

दाजी, मी पाच पुरणपोळ्या खाल्ल्या. डाव्या बाजूच्या माणसाकडं मान वळत नसल्यामुळं मला नाही म्हणता आलं नाही, आणि वाढणारी डावीकडूनच येत होती. वल्लरीला अनसूयेनं फोन लावला आणि म्हणाली, "वाढलंय," एवढंच. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.  तेवढ्यासाठी मी आणखी दोनदा भिंतीवर चढेन, पण हे तिला सांगू नये, ती लगेच सरावाला बसवेल.

तर अशी ही हकीकत. शब्द मिळाला, तुमचं त्रेचाळिसावं जुळलं. अक्काला सांगा, खांदा बरा करून घे, हळदीला लागेल. मांजराला आशीर्वाद. वडीलधाऱ्यांना नमस्कार, म्हणजे तुम्हालाच, दुसरं तिथं कोणी उरलेलं नाही.

तुमचा,
चिंतामण

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. चौथ्या पोळीच्या वेळी रामहरीराव सहज म्हणाले, "पाव्हणं, तुमी मानूस तर खरं हाय. मग पयल्या डावात हरायचं तुमाला शिकीवलं कुनी?" मी तुमचं नाव घेतलं. माझा इलाज नव्हता, तोंडात तूप होतं आणि खोटं बोलायची त्या घरात आता बंदी आहे. ते म्हणाले, "मध्यस्थच असं शिकवायला लागला तर त्यानं माझ्याविषयी तुमाला आन् तुमच्याविषयी मला काय काय खोटं सांगितलं आसंल? त्यास्नीबी एकदा बघाय पायजे." तेव्हा येत्या गुरुवारी सकाळी अकराला ते स्टिअरिंग, पेडलं आणि भीमाला गाडीत घालून लोणी भापकरला तुमच्याकडं येताहेत. सुपारी तुमची शर्यत झाल्यावर फुटेल, आधी नाही. गोजरबाईही येणार आहेत. त्यांनी स्वतः सांगितलं, 'मला बघायचंय.'

ता. क. २. हे पत्र आजच्याच एस.टी.नं कंडक्टरच्या हाती पाठवतो आहे, कारण वल्लरी उद्या सकाळी कन्सोल घेऊन तुमच्याकडं येते आहे. दोन दिवस ती सांगेल तसं वागावं. तिला 'पोरी' म्हणू नये, सरावात ती ऐकून घेत नाही. हॉलमधलं काचेचं कपाट हलवावं. पेडलांमागं लावायला जड काहीतरी काढून ठेवावं. तुमचं त्रेचाळिसावं लग्न आहे आणि माझं एकुलतं एक, तेव्हा आजारी पडू नये. शुगरचा कुठलाही आकडा चालणार नाही.

ता. क. ३. आत्ताच वल्लरीनं तुमच्याबद्दल विचारलं, "मामा खरोखर हरले तर निरवांगीकरांना ते खरं वाटेल का?" मी तिला धीर दिला आहे. गेल्या दिवाळीत तुम्ही मला मोरगावला नेलं होतंत, तुम्ही चालवत होता आणि मी शेजारी होतो. जाताना तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये गेलात, येताना हँडब्रेकमध्ये आलात, आणि एक बैल तुमच्याकडं बघून स्वतः कडेला झाला. तेव्हा दाजी, गुरुवारी कसलंही नाटक करू नये. रोज चालवता तशीच चालवावी. पोरीचं लग्न होऊन जाईल.